सरासरीमागचे रेणू

स. न. वि. वि.

पेशीतले कॅल्शियम मोजणाऱ्या चमकत्या प्रथिनांवर मराठीत अलीकडे लिहिले जाते, पण बहुतेक लेख ‘उजेड निळ्याचा पिवळा झाला, म्हणजे कॅल्शियम वाढले’ इथेच थांबतात. जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे एवढ्याने भागत नाही.

मियावाकी, त्सिएन आणि सहकारी संशोधकांचा १९९७ सालचा पिवळा ‘कॅमेलिऑन’ हा कॅल्शियम-संवेदक पाहा. मध्ये कॅल्शियम पकडणारे कॅल्मोड्युलिन प्रथिन आणि त्याला चिकटणारे एम-१३ पेप्टाइड (छोटी प्रथिन-साखळी), एका टोकाला निळसर प्रथिन, दुसऱ्याला पिवळे. कॅल्शियम बसले की रेणू मिटतो आणि निळ्याची ऊर्जा पिवळ्याकडे अधिक जाते. क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत) मात्र असंख्य रेणूंची सरासरी दिसते. पिवळ्या-निळ्या उजेडाच्या गुणोत्तराचा आकडा मधला आला, तर निम्मे रेणू मिटलेत, सगळेच अर्धवट मिटलेत, की काहींचे पिवळे प्रथिन तयारच झालेले नाही? प्रथिनातले उजेड देणारे रंगकेंद्र घडायला ऑक्सिजन आणि वेळ लागतो, म्हणून ही तिसरी शक्यता विसरू नये.

उत्तर एकेक रेणू पाहूनच मिळते. कव्हरस्लिप (पातळ काच) पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सोनिकेटरने (ध्वनिलहरींच्या यंत्राने) स्वच्छ करून तिच्यावर थोडे बायोटिन असलेले पीईजी, म्हणजे प्रथिने नुसती चिकटू न देणारे पॉलिमर, चढवावे. मग बायोटिनला घट्ट धरणारे स्ट्रेप्टाव्हिडिन, बायोटिन लावलेले हिस-टॅगविरोधी प्रतिपिंड (संवेदकाला जोडलेली हिस-टॅग ही खूण पकडणारे) आणि शेवटी ५०–१०० पिकोमोलर संवेदक. हजारपट दाट, म्हणजे नॅनोमोलर, घातला तर एकेका रेणूचे उजेडाचे ठिपके एकमेकांत मिसळतात. असे ठिपके पाहायच्या टीआयआरएफ सूक्ष्मदर्शकात काचेलगतचा साधारण १०० नॅनोमीटरचाच थर उजळतो.

फसगत पुढे होते. पिवळे प्रथिन मध्येच काळोखात जाते, निळे उजळते आणि रेणू उघडल्यासारखा भासतो. मधूनमधून ५१४ नॅनोमीटरच्या लेसरने पिवळ्याला थेट उजळून ते जिवंत आहे का, हे तपासलेच पाहिजे. एखाद्या रंगाचा उजेड एका पायरीऐवजी दोन पायऱ्यांत विझला, तर त्या ठिपक्यात बहुधा दोन रेणू आहेत; तो वगळावा.

सर्वांत छुपी चूक आम्लतेची. उजेड लवकर विझू नये म्हणून द्रावणातला ऑक्सिजन काढायला ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर घातले की ग्लुकोनिक आम्ल साचते. सामू (पीएच) उतरला की सुरुवातीच्या कॅमेलिऑनमधले पिवळे प्रथिन मंदावते आणि रेणू उघडल्याचा आभास होतो; त्याच वेळी कॅल्शियम धरून ठेवायला घातलेल्या ईजीटीए या रसायनाची पकड ढिली होऊन कॅल्शियम सुटते आणि रेणू खरोखर मिटू लागतो. दोन्ही चुका एकमेकींना झाकतात. बफर पुरेसा तगडा ठेवावा आणि प्रयोग संपल्यावर सामू पुन्हा मोजावा.

अशा लेखांसोबत एका तरी रेणूचा काळानुसार उजेडाचा आलेख, निळा आणि पिवळा दोन्ही रेषांसह, छापावा ही विनंती.

– जैवभौतिकीचे काही संशोधक