गाळ काढायला पैसे आहेत, माती धरायला का नाहीत?

मा. मृद व जलसंधारण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : धरणांच्या पाणलोटातील डोंगर, कुरणे व जंगलांच्या राखणीसाठी कायमची तरतूद करणेबाबत

महोदय,

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. त्या गाडीचे फोटो सगळ्यांना आठवतात, बिल फारसे कोणाला आठवत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांतल्या 6.20 कोटी लिटर पाण्यापोटी रेल्वेने 4 कोटींचे बिल काढले होते. हजार लिटरला सुमारे 645 रुपये, तेही निव्वळ वाहतुकीचे.

आता डोंगराचा हिशेब बघा. हेक्टरभर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. उतारावर गवत टिकले, समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे खोदलेले) बुजले नाहीत आणि वर्षाकाठी 30 मिलिमीटर जादा मुरले, तर हेक्टरी 3 लाख लिटर. लातूरच्या दराने ते दोन लाखांच्या घरात जाते. हा हिशेब मी फार ताणणार नाही. मुरलेले सगळे पाणी विहिरीला लागत नाही. आपल्या काळ्या पाषाणात ते मुरमात आणि भेगांतच काय ते साठते. शिवाय दुष्काळातला दर दरवर्षी लावता येत नाही. तरी दहावा हिस्सा धरला, तर हेक्टरी एकोणीस हजार उरतात. चराईवर लक्ष ठेवायला गावातला राखणदार आणि फुटलेले चर नीट करायला चार माणसे, एवढ्याला इतके पैसे लागत नाहीत.

आपल्याच खात्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 मध्ये सुरू झाली. चांगली आहे. यंत्राच्या इंधनाला पैसे मिळतात, लहान शेतकऱ्याला गाळ पसरायला अनुदान मिळते. पण तो गाळ आला कुठून? वरच्या उघड्या डोंगरावरून. माती वाहू द्यायची, तिने धरणाची साठवण खाल्ली की पोकलेन लावून उपसायची, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. उपशाचे घनमीटर मोजता येतात, फोटो काढता येतो. न वाहिलेल्या मातीचा फोटो कसा काढणार?

जलयुक्त शिवारवर 9,633 कोटी खर्चून भूजल वाढायला फारसा हातभार लागला नाही, असे ‘कॅग’ने 2020 मध्ये म्हटले. त्यावर राजकारण भरपूर झाले. माझ्या मते खरी गोम साधी आहे : खोदाईला निधी येतो, राखणीला येत नाही, आणि साठलेले पाणी कोण किती उपसणार हे कोणी ठरवत नाही. हिवरे बाजारने नेमके हेच ठरवले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद. डोंगरावर गवत आले, ते कापून गोठ्यात गेले आणि गावाचे दूध दिवसाला दीडशे लिटरवरून दोन हजारांच्या पुढे गेले. पाण्याच्या आधी गवतानेच गावाला पैसे दिले, हे अंदाजपत्रक करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

एक विनंती मध्येच करून टाकतो : राखण म्हणजे सरसकट झाडे लावणे नव्हे. माळरानाला पडीक म्हणून त्यावर जेसीबीने खड्डे आणि गिरिपुष्पाच्या रांगा, हा प्रकार थांबवा. माळाचे गवत हेच तिथले जलसंधारण आहे.

पैसा आणायचा कुठून, हा आपला पहिला प्रश्न असेल. हिमाचलमधल्या पालमपूर नगर परिषदेने 2010 मध्ये बोहल गावाशी करार केला. ज्या झऱ्याचे पाणी शहर पिते त्याच्या वरचे जंगल गावाने राखायचे, शहराने वर्षाला दहा हजार रुपये द्यायचे. रक्कम किरकोळ आहे, पण पाणी पिणाऱ्याने पाणी राखणाऱ्याला देणे लागते, हे कागदावर आले.

पुणे पालमपूरपेक्षा श्रीमंत आहे. आमच्या नळाला येणारे पाणी पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला या साखळीतून येते आणि ती राजगड-मुळशीच्या डोंगरांवर उभी आहे. त्या उतारांवर फार्महाऊसचे प्लॉट पाडायला रस्ते कोरले जात आहेत. ती माती पावसाळ्यात कुठे जाते हे सांगायला तज्ज्ञ नको. वरच्या गावांना मात्र डोंगर न विकण्याचे कोणी काही देत नाही.

म्हणून मागणी एवढीच. महापालिका आणि उद्योगांच्या ठोक पाणीदरात हजार लिटरमागे काही पैसे ‘पाणलोट राखण’ म्हणून धरावेत, आणि ते वरच्या ग्रामसभांना थेट मिळावेत. जिथे गावाला जंगलाचे सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे ते जंगल सांभाळणाऱ्या गावसमित्यांना. पैसे देताना जमिनीवरचे गवत आणि धरणात येणारा गाळ दर तीन वर्षांनी मोजावा, खोदलेल्या चरांची लांबी नको. दर ठरवणे आपल्या खात्याकडे नाही, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे आहे, याची कल्पना आहे. पण प्रस्ताव आपण पाठवू शकता. सुरुवात खडकवासला साखळीपासून करावी. आमच्या पाणीपट्टीत ती रक्कम वाढली तर माझी तक्रार नसेल.

आपला,
पाणीपट्टी भरणारा एक पुणेकर