तीनदा सांगूनही न ऐकलेला इशारा

महोदय,

२२ मे २०१० रोजी मंगळूरच्या टेबलटॉप, म्हणजे पठारावर बांधलेल्या आणि कडेला दरी असलेल्या, धावपट्टीवरून एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान दरीत कोसळले आणि १५८ माणसे गेली. एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले यांच्या चौकशी अहवालात एक नोंद आहे. सहवैमानिकाने तीनदा 'गो अराउंड' सांगितले होते, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला. यंत्रही इशारे देत होते. तरी कप्तानाने विमान उतरवलेच. ८ हजार फुटांच्या धावपट्टीवर ते सुमारे ५२०० फूट ओलांडून टेकले. कप्तान वाटेत दीड तासाहून जास्त झोपला होता, त्या गुंगीचाही यात वाटा आहे. सगळे खापर अहंकारावर फोडणे अन्यायाचे होईल. पण ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडमध्ये, त्याच कंपनीच्या विमानात, पुन्हा 'गो अराउंड' दुर्लक्षिले गेले. निम्म्याच्या आसपास धावपट्टी मागे पडल्यावर विमान टेकले आणि २१ जण दगावले. तिथला कप्तान अत्यंत अनुभवी होता.

अनुभवी माणसाला इशारा ऐकू येत नाही असे नाही. तो त्याला आपल्या कौशल्यावरचा शेरा वाटतो. मग तो 'करतोय, होतंय' म्हणत चूक सावरू पाहतो, थांबत मात्र नाही. समोरचा कनिष्ठ तर आधीच शब्द मऊ करून बोलत असतो. म्हणून प्रशिक्षणात बोलण्याच्या पायऱ्या घोटून घेतात. आधी प्रश्न: 'उंची जास्त वाटत नाही का?' मग आकड्यासह वस्तुस्थिती, मग स्पष्ट सूचना. लागोपाठ दोन सूचनांना योग्य प्रतिसाद आला नाही, तर सहवैमानिकाने 'माय कंट्रोल्स' म्हणून विमान हाती घ्यायचे. ही शेवटची पायरी दोन्ही अपघातांत गाठलीच गेली नाही. मंगळूरच्या अहवालाने तर सहवैमानिकाच्या या अधिकाराबाबतच्या सूचनाच बहुधा संदिग्ध होत्या, असे म्हटले आहे.

मर्यादाही आधी ठरलेली हवी. ढगांत १००० फुटांवर, स्वच्छ हवेत ५०० फुटांवर वेग, उतरण्याचा दर आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) ठरल्याप्रमाणे नसतील तर गो अराउंड, आणि तो केल्याबद्दल कुणाला जाब नाही. आकडा ठरलेला असला की कोण मोठा हा वादच उरत नाही. नुसते 'नम्र व्हा' सांगून हे साधत नाही.

शस्त्रक्रियागृहातही हेच लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या तपासणी यादीत १९ बाबी आहेत. छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचे, ही त्यातलीच एक. एकदा बोललेली परिचारिका पुढे धोका दिसल्यावर गप्प राहण्याची शक्यता कमी होते. कागदावर खूण करून ही बाब उरकली, तर तिचा काही उपयोग नाही.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अपघातानंतर 'वैमानिक अनुभवी होता' हे छापले जातेच. सोबतच्या कनिष्ठाने काय सांगितले होते आणि त्याला सूत्रे हाती घेण्याचा लेखी अधिकार होता का, हेही विचारावे व छापावे.

– एक निवृत्त वैमानिक-प्रशिक्षक, पुणे