विश्रांतिस्थळ घाटाआधी हवे

महामार्गांवर दर ४० ते ६० किलोमीटरवर सुविधा केंद्रे उभारण्याबाबतचे वृत्त वाचले. धोरण योग्यच; पण जागा केवळ अंतर मोजून किंवा जमीन सहज मिळते म्हणून ठरवू नये. मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर ते पळासनेर रात्री पाहावे. चाकामागे दगड लावून ट्रक रस्त्याच्या कडेला उभे, मागचे दिवे बंद, चालक केबिनमध्ये झोपलेला. २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने रद्द झालेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ मध्येही पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती देणे बंधनकारक होते. पण विश्रांती घ्यायची कुठे? ढाब्यावर, तेही जेवण घेतले तर! डुलकीचा धोका पहाटे २ ते ५ दरम्यान सर्वाधिक असतो. त्या वेळी चालक जिथे पोहोचतात, तिथे ऐसपैस वाहनतळ, स्वच्छतागृह आणि उजेड हवा. याच मार्गावरील बिजासन घाट उतरण्याआधी मध्य प्रदेशच्या हद्दीत आणि चढण्याआधी पळासनेरच्या अलीकडे अशी दोन स्थळे दोन्ही राज्यांनी मिळून ठरवावीत. मध्ये दुभाजक असल्याने एकाच बाजूचे केंद्र निम्म्या चालकांच्या उपयोगाचे नाही.

– एक वाचक, शिरपूर (जि. धुळे)