यंदा डायरी पाठवलेली नाही

पुणे, १४ डिसेंबर

ती. बाबा आणि आई,
सा. न.

पार्सल मंगळवारपर्यंत पोचेल. त्यात डायरी नाही हे आधीच सांगते, नाहीतर बाबा खोका उलटा करून झटकतील. फोनचा स्टँड आहे, कॉलरला लावायचा बारका माइक आहे, आणि तळाशी आणखी एक वस्तू आहे. तिचं शेवटी सांगते.

बाबा, रागावू नका. गणपतीत आले होते तेव्हा तुमची डायरी मी वाचली. न विचारता. आईला म्हटलं दुधाचा हिशेब बघतेय, पण ते खोटं होतं. जानेवारीत पानभर मजकूर. एप्रिलमध्ये अर्धं पान, आणि प्रत्येक ओळ सुरुवातीला नीट, पुढे जाता जाता मुंगीएवढी. जुलैत नुसतं 'पाऊस. बरा आहे.' बरा कोण, पाऊस की तुम्ही, तेही कळेना. ऑगस्ट कोरा. १९७९ पासून एक दिवस न चुकलेला माणूस! भाईकाका गेले त्या दिवशीसुद्धा चार ओळी आहेत.

तुम्ही आईला सांगितलंत, 'लिहिण्यासारखं काही घडत नाही.' चिपळुणात राहून? मी डॉक्टरांना विचारलं. कंपवातात अक्षर असंच बारीक होत जातं, त्याला मायक्रोग्राफिया म्हणतात. तुमचा आळस नाही की हट्ट नाही, हे ऐकून मलाच जास्त बरं वाटलं.

तेव्हा आता तुम्ही बोलायचं आणि फोनने लिहायचं. दिवाळीत येऊन मी सगळं जोडून गेले ते काही 'सहज बघून ठेवू' म्हणून नव्हे. तेव्हाच ठरलेलं होतं, फक्त सांगायचा धीर झाला नाही. २०१७ पासून मराठी बोललेलं गुगलच्या कीबोर्डवर उमटतं. आठ वर्षं ती सोय खिशात होती आणि मला सुचलं नाही, ही चूक माझी.

दिवाळीत तुम्ही चिडलात ते मला कळलं. 'आठळ्यांची भाजी' म्हणालात आणि त्याने 'आठवड्यांची भाजी' लिहिलं. पण बाबा, तुम्ही तारेची भाषा बोलत होतात, एकेक शब्द तोडून. हे यंत्र आवाज ऐकतं आणि आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं. त्याला पूर्ण वाक्य द्या. 'आज हिने फणसाच्या आठळ्यांची भाजी केली, मीठ कमी होतं' असं मी बोलून पाहिलं, बरोबर आलं. (मीठ कमी नव्हतं, आई.) गावांची आणि माणसांची नावं चुकतील. चुकू देत. रविवारी फोनवर तुम्ही वाचून दाखवा, मी दुरुस्त करीन.

आणखी एक अ‍ॅप घातलं होतं, ते बोललेलं 'सुधारून' देतं. तुमच्या 'पाऊस लागलाय, परसात पाणी आलं' या वाक्याचं त्याने 'मुसळधार पावसामुळे परिसरात पाणी साचले आहे' केलं. घरच्या परसाची बातमी झाली! ते मी काढून टाकलं. चुकलं तरी तुमचं राहू दे.

खरी अडचण वेगळी आहे, ती तुम्ही बोलणार नाही म्हणून मी बोलते. तुम्ही जे कधी मोठ्याने बोलला नाहीत तेच डायरीत लिहीत आलात. आता तेच स्वतःच्या तोंडाने, घरात, ऐकू जाईल असं बोलायचं. लाज वाटेल. म्हणून आई, संध्याकाळी सात ते साडेसात तू मारुतीच्या देवळात. येताना शेजारच्या ओटीवर बस हवं तर. दाराआड उभी राहायचं नाही, मला तुझं सगळं माहीत आहे.

आणि मोठ्याने बोलणं तुम्हाला हवंच आहे. हल्ली तुमचा आवाजही अक्षरासारखा बारीक होतो. आई निम्मं ओठांवरून ओळखते, मी फोनवर 'हो हो' म्हणते आणि निम्मं मला कळलेलं नसतं. फोन 'हो हो' म्हणत नाही. पुटपुटलात की कोरी जागा ठेवतो. स्पीच थेरपीवाल्या बाई 'खणखणीत बोला' म्हणून सांगत होत्या, तो सराव आपोआप होईल. गोळीनंतर पाऊण तासाने आवाज मोकळा होतो हे तुमचंच निरीक्षण, तेव्हा सहाची गोळी सहालाच. बातम्या संपल्यावर नाही.

तुम्ही म्हणाल, हातात धरायला वही हवी. दर महिन्याला छापून, स्पायरल करून पाठवीन, कपाटात रांगेत राहील. वरच्या मजल्यावर. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आपण पंख्याखाली बसून पान न् पान सोडवत होतो, ते मी विसरलेले नाही. बॉलपेनची वर्षं वाचली, तुमच्या शाईपेनची सगळी निळी झाली. माझ्या जन्माचं वर्ष त्यातच होतं. तुम्ही 'जाऊ दे, मला पाठ आहे' म्हणालात. बाबा, ते एकदा बोला ना माइकमध्ये. घाई नाही. एखाद्या संध्याकाळी.

बाकी नियम: बँकेचे नंबर, पिन काही बोलायचं नाही, कारण आवाज फोनमधून बाहेर कंपनीच्या यंत्राकडे जाऊ शकतो. पावसात नेटवर्क गेलं तर नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवा, अक्षरं मी मागाहून करीन. पंखा बंद करून बोला. आणि खुर्चीत बसून, झोपाळ्यावर नाही. त्याच्या कड्या कुरकुरतात आणि मला तुमच्या पडण्याची भीती वाटते.

आता तळाची वस्तू. दुरेघी वही आहे. हसू नका. पहिलीत तुम्ही माझा हात धरून 'वरच्या रेघेला टेकव, खालच्या रेघेला टेकव' म्हणायचात आणि माझा 'ळ' प्रत्येक वेळी घसरायचा. तुम्ही कधी ओरडला नाहीत, फक्त खोडरबर पुढे करायचात. मोठ्या अंतराच्या रेघांत मोठं अक्षर काढायचा सराव करा असं डॉक्टरांनीच सांगितलंय. रोज फक्त तारीख आणि सही. बाकीचं फोन लिहील.

तुमची
ठकू

ता. क. आई, स्टँडबरोबरचा चार्जर फोनचाच आहे, मिक्सरच्या प्लगवर लावू नकोस. आणि बाबांनी पहिल्या दिवशी नाही म्हटलं तर काही बोलू नकोस. नुसती देवळात जा.