ट्रेकच्या बसमध्ये मुली पाणी का पीत नाहीत?

संपादक महोदय,

दर शनिवारी रात्री पुण्या-मुंबईतून ट्रेकच्या बस सुटतात, आणि सगळ्यांच्या मेसेजमध्ये "दोन लिटर पाणी आणावे" ही ओळ असतेच. पण आणलेलं पाणी पोटात जातं का हे कोणी बघत नाही, म्हणून हे पत्र.

फेब्रुवारीत भाचीला घेऊन कळसूबाईला गेले होते. रात्री साडेदहाला बस निघाली, मधे एकदाच एका पंपावर थांबली, तिथल्या लेडीज टॉयलेटला कुलूप. साडेतीनला बारी गावातून अंधारात चढायला लागलो, वारा इतका गार की घाम येतोय हे कळतच नाही आणि तहान तर लागतच नाही. 1646 मीटरवर सूर्योदय झाला, फोटो झाले, सगळे खूश. उतरताना मात्र ऊन चढलं आणि शिड्यांच्या खाली आल्यावर ती मटकन खाली बसली. पोटरीला हात लावला तर दगडासारखी घट्ट, डोकं दुखतंय, मळमळतंय, काळ्या टी-शर्टवर पाठीला मिठाचे पांढरे पट्टे. बाटली बघितली तर अर्ध्याहून जास्त भरलेली! मी रागावले तर म्हणाली, "मावशी, मुद्दामच नाही प्यायले गं, लागली तर जायचं कुठे?"

मला खरंच काही बोलता आलं नाही, कारण गेली कित्येक वर्षं मीही हेच करत आलेय.

वाटेत एका ताईंचं सरबताचं दुकान होतं, त्यांनी लिंबू, साखर आणि चांगलं चिमूटभर जास्त मीठ घालून दिलं, ते घोट घोट पाजलं, सावलीत बसवलं, चाळीसेक मिनिटांनी ती उभी राहिली. घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं, त्यामुळे तासन्‌तास घाम गाळल्यावर एकदम लिटरभर साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम आणखी उतरू शकतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट, आणि जोडीला ओआरएस. लिटरचं पाकीट असेल तर अख्खं एक लिटरमध्येच घालायचं, अर्धं नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लघवी गडद पिवळी झाली की समजायचं आधीच उशीर झालाय.

पण हे सगळं सांगून मुली पिणार नाहीत, जोवर जायची सोय नाही. आयोजकांनी निघायच्या आधी फोन करून चालू असलेलं, स्वच्छ लेडीज टॉयलेट कुठे आहे ते बघावं, तिथेच बस थांबवावी आणि तो थांबा मेसेजमध्ये पाण्याच्या ओळीच्या खालीच लिहावा. पायथ्याच्या गावात घरोघरी नाश्ता-जेवण ठरवता ना, मग त्याच घरी पहाटे संडास वापरायचेही पैसे ठरवा, आम्ही वेगळे वीस-पन्नास रुपये आनंदाने देऊ.

– एक ट्रेकर मावशी, पुणे