डिसेंबरात कायमची येत नाहीये

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही म्हणून लिहिते आहे. डिसेंबरात कायमची परत येते म्हणाले होते, ते जमणार नाही. इथे आणखी दोन वर्षं राहायला मी होकार कळवून टाकलाय, तुम्हाला न विचारता. आई, विचारलं असतं तर तू लगेच "राहा" म्हणाली असतीस आणि मग ओट्याशी पाठमोरी उभी राहून रडली असतीस. ते मला सोसवलं नसतं.

बाबा, तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी असणार आहे. तिकीट काढलंय, पूर्ण तीन आठवड्यांचं. डोळ्यांत थेंब मीच घालणार.

मावशी विचारते, "पोरगी तिकडे नेमकं करते काय?" आणि तुम्ही दोघं गप्प बसता. म्हणून आज सगळं लिहिते.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांची आमची ही लॅब आहे. आतड्यातल्या जंतूंचा अभ्यास. ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या कुपोषित मुलांच्या शीचे नमुने गोठवलेले असे इथे येतात. खोका उघडला की कोरड्या बर्फाची वाफ हातावर येते आणि आत करंगळीएवढ्या कुप्या, प्रत्येकीवर नुसता आकडा. नाव नसतं. तरी मला प्रत्येक वेळी एक पोर दिसतं.

२०१४ साली इथल्या मंडळींनी दाखवून दिलं की अशा मुलांच्या आतड्यातले जंतू वयाच्या मानाने कच्चेच राहतात. मूल दीड वर्षाचं असलं तरी जंतू त्याहून लहान बाळाचे. नेहमीचा पौष्टिक आहार दिला की थोडे सुधारतात, पण ती सुधारणा टिकत नाही.

आई, ते वाचताना मला जव्हारचा तुझा ताणकाटा आठवला. आढ्याला टांगलेला, खाली झोळीत हातपाय झाडणारं पोर, आणि पेन्सिलीने आलेखावर ठिपका काढणारी तू. सुकडीचा पौष्टिक आहार सुरू झाला की ठिपका वर चढायचा, पावसाळा लागला की परत खाली. कुपोषणाच्या चौथ्या, सगळ्यात गंभीर श्रेणीतल्या त्या वांगणीच्या मुलाला महिनाभर मांडीवर घेऊन भरवलंस. रात्री बाबांना विचारायचीस, "खातंय तर जातंय कुठे?" मी गोधडीत जागी असायचे. तुझा तोच प्रश्न मी इथे घेऊन बसलेय, गं.

आणि एकटी नाही. आमच्याकडे उंदीर सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. हे उंदीर जन्मापासून एकही जंतू नसलेले, फुगवलेल्या प्लास्टिकच्या बंद तंबूत वाढतात. खाणंपाणी, अंथरूण, सगळं निर्जंतुक करूनच आत जातं. तंबूलाच जोडलेल्या खांद्यापर्यंतच्या हातमोज्यांत हात घालून त्या प्रत्येक पिल्लाला अशा अलगद उचलतात, की तू न्हाऊ घालायचीस ते आठवतं. याच उंदरांना मुलांचे जंतू देऊन कोणत्या अन्नाने काय फरक पडतो ते बघता येतं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा दिवसभर जंतूंच्या डीएनएचे आकडे जुळवतो. ढाक्याहून आलेली एक बंगाली ताई आहे. मला ताप आला तेव्हा तिने मऊ खिचडी करून आणली, दोन दिवस. म्हणजे आई, आजारपणात माझं बघणारं माणूस आहे इथे.

आणि अन्न कोणतं निघालं माहितीये? चण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणे आणि कच्ची केळी. त्यात थोडी साखर, तेल, जीवनसत्त्वं. मीरपूरमध्ये एक ते दीड वर्षाच्या मुलांना तीन महिने हे दिलं, आणि नेहमीच्या पूरक आहारापेक्षा उष्मांक कमी असूनही वजन त्यापेक्षा चांगलं वाढलं. २०२१ साली ते छापून आलं. आता त्यातला कोणता घटक कोणत्या जंतूला पोसतो ते आम्ही शोधतोय. हे अर्ध्यावर टाकून पुण्यात आले असते तर पगार मिळाला असता, तुम्ही जवळ असता, सगळं खरं. पण मन इकडेच राहिलं असतं.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, बर्फाचे बूट घेतलेत, रविवारी आठवड्याच्या पोळ्या करून ठेवते. गोडा मसाला अजून अर्धा डबा आहे. तुझी चौघडी पांघरूनच झोपते. तिच्या कोपऱ्यातला बाबांच्या जुन्या सदऱ्याचा निळा तुकडा अजून हाताशी घेते, लहानपणी घ्यायचे तसा.

आता नीट ऐका. बाबा, टाकी बघायला शिडीवर चढायचं नाही, शेजारच्या दादाला हाक मारायची. खोकला झाला की दुकानातून दोनच अँटीबायोटिकच्या गोळ्या आणता, ते आजपासून बंद. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नाहीत आणि दिल्या तर सांगितले तितके दिवस घ्यायच्या. या गोळ्या चांगले जंतूही मारतात, हे मी रोज डोळ्यांनी बघते. साखर दर सोमवारी तपासून आकडा मला पाठवा, वाढला तरी लपवू नका. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. मोरीत दांडी बसवायला माणूस शनिवारी येईल, पैसे दिलेत, त्याला परत पाठवू नकोस.

रागावला असाल तर रागवा, पण रविवारचा फोन चुकवू नका. तुमच्या सकाळी साडेआठला करते, तेव्हा माझी इथे रात्र असते. आई, मी तिथून परत निघताना मला सुकडीचं तुझं प्रमाण लिहून हवंय. बंगाली ताईने मागितलंय.

तुमची,
सोनी