ॲडमधली गाडी आणि समोर उभी असलेली गाडी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेले दोन महिने सेकंडहँड गाडी शोधतोय, 7 डीलरकडे जाऊन आलो आणि ऑनलाइन ॲडमध्ये लिहिलेलं नि समोर उभी असलेली गाडी यांचा मेळ बसला असं फक्त दोनदा झालं. पत्र जरा मोठं होईल पण शक्य असेल तर छापा.

एकाच गाडीचं सांगतो. ॲडमध्ये टॉप मॉडेल, 6 एअरबॅग, फर्स्ट ओनर, रीडिंग 38 हजार. मागच्या सीटवर आमचं लहान मूल बसणार म्हणून एअरबॅग हा माझा मुख्य मुद्दा होता, फोनवर दोनदा विचारून घेतलं, हो हो सगळं ॲडप्रमाणेच आहे म्हणाले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो तर मीटरवर 61 हजार, आणि सीटच्या कडेला नि दरवाज्याच्या वरच्या पट्टीत एअरबॅगची जी खूण असते ती शोधूनही सापडेना. शेवटी कागद मागितले तेव्हा कळलं की गाडी मधल्या व्हेरिएंटची आहे, एअरबॅग पुढच्या दोनच, आणि मागचा टॉप मॉडेलचा बॅज कुणीतरी नंतर चिकटवलाय. सेल्समन म्हणाला, साहेब ॲड आम्ही नाही टाकत, ऑफिसातली मुलं टाकतात, टायपिंग मिस्टेक झाली असेल.

हे टायपिंग मिस्टेकचं उत्तर मला पाच ठिकाणी मिळालं. चूक माणसाकडूनच होते, मान्य, पण मग एखाद्या वेळी तरी 38 च्या जागी 83 पडायला हवं होतं, सेकंड ओनरच्या जागी थर्ड ओनर लिहिलं जायला हवं होतं. मी पाहिलेली प्रत्येक चूक गाडीचा भाव वाढवणारीच होती.

माझ्या मते खरं कारण असं आहे की डीलर ॲडमध्ये त्या गाडीची माहिती लिहितच नाही, कंपनीच्या कॅटलॉगमधली यादी उचलून टाकतो. नवीन गाडीला ते चालतं कारण एका व्हेरिएंटच्या सगळ्या गाड्या सारख्याच असतात. जुनी गाडी मात्र प्रत्येक वेगळी, कुणाची ठोकलेली, कुणाची पाण्यात उभी राहिलेली, कुणाची एका बाजूने रीपेंट केलेली, त्यामुळे कॅटलॉगचं वर्णन आणि नेटवरून घेतलेला चकाचक फोटो तिथे काहीच सांगत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे टायर 2019 सालातल्या 23 व्या आठवड्यात बनलेला. त्या गाडीच्या ॲडमध्ये "नवे टायर" लिहिलेलं, आणि चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे निघाले.

मीटर डिजिटल आला म्हणजे मागे फिरवता येत नाही असं पुष्कळ लोकांना वाटतं, ते चूक आहे, मशीन लावून आकडा बदलता येतो. पकडायचं तर जुन्या सर्व्हिसच्या रेकॉर्डमधलं रीडिंग बघायचं, आणि स्टेअरिंग नि पेडलचं रबर किती झिजलंय ते बघायचं. पण हे सगळं कळतं ते तिथे पोचल्यावर, आणि तोवर दिवस गेलेला असतो, कधीकधी तर गाडी अडवून ठेवायला म्हणून टोकनही दिलेलं असतं. विकल्या गेलेल्या गाड्यांच्या ॲड तशाच ठेवायच्या आणि गिऱ्हाईक आलं की दुसरी महागातली दाखवायची, हा आणखी एक प्रकार.

यावर उपाय अवघड नाही. गाडीचा चेसिस नंबर 17 अक्षर-आकड्यांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, कारण ती 1 आणि 0 सारखी दिसतात नि लिहिताना घोळ होतो. म्हणजे नंबर ठरवणाऱ्यांनी टायपिंग मिस्टेकचा विचार आधीच केलाय! हा नंबर बघायला मागणाऱ्याला डीलरने घरबसल्या द्यावा, त्यावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला व्हेरिएंट आणि सर्व्हिसचं रेकॉर्ड तपासता येतं. चालू मीटरचा फोटो तारखेसकट टाकावा, फोटो त्याच गाडीचे असावेत, गाडी विकली की ॲड त्याच दिवशी काढावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ॲडमध्ये जे लिहिलंय ते विक्रीच्या कागदावर जसंच्या तसं यावं, त्यात तफावत निघाली तर टोकन पूर्ण परत मिळावं. ॲड दाखवणाऱ्या वेबसाइट्सनीही तक्रार आली की ती ॲड निदान थांबवून ठेवावी.

मी त्या सहा एअरबॅगच्या ॲडची तक्रार त्याच दिवशी वेबसाइटवर केली होती, तीन आठवडे झाले, ॲड अजून जशीच्या तशी आहे. ती बघून एखादं कुटुंब आपल्या मुलाला मागच्या सीटवर बसवेल याची मला खरंच भीती वाटते. आपल्या पेपरने एखादा वार्ताहर गिऱ्हाईक म्हणून पाठवून अशा दहा-पंधरा ॲड तपासाव्यात आणि काय सापडतं ते छापावं ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक